दोनशे एकोणीस पिढ्या

मेहुण्यानं जांबोटीहून दोन फणस पाठवले.
एक त्याच दिवशी फोडला, गल्लीभर गरे वाटले.
दुसरा पोत्यावर, कोपऱ्यात, विसरला गेला
आणि आषाढातल्या त्या ओल्या आठवड्यात
घरात चिलटं झाली.

चहावर. देवापुढच्या केळ्यावर.
कमळाक्षी भांग पाडायला आरशासमोर बसली,
तिच्या आणि आरशातल्या तिच्या मधे, एक.

वरच्या मजल्यावरची शिवलीला म्हणाली, गुंगाडी री,
कापूर लावा. लावला.
खोकलो आम्ही दोघंच.

"मी जातो बघा जांबोटीला," कमळाक्षी म्हणाली,
"एकतीस वर्षं पाळलीसा की त्यांना,
मग घालवायला का येईना?"

पाळली, हे खरं.
कॉलेजात झूऑलॉजीच्या खोलीत मी परिचर.
रवा, गूळ, अगर घोटून रोज त्यांचं जेवण शिजवायचं,
काचेच्या बाटल्यांत ओतायचं,
तोंडाला कापसाचा बोळा.
संध्याकाळी वडगावात सायकल टेकवली
की माझ्या शर्टाला गुळाचा वास.
"चिलटांना शिरा, आम्हाला ताक,"
हे ती लग्नाच्या पहिल्या वर्षापासून म्हणत आली.

हंपीहोळी मॅडम इंग्रजीत शिकवायच्या, कन्नडात रागवायच्या,
माझ्याशी मात्र मराठीत, हळू.
पोरं इथर देऊन चिलटं निजवायची,
पांढऱ्या फरशीवर ओतून
ब्रशाच्या टोकानं निवडायची, तांदळातले खडे निवडावेत तशी:
लाल डोळे इकडं,
पांढरे डोळे तिकडं.
उशीर झाला की पांढऱ्यातलं एखादं
जागं होऊन ब्रशावरच चढायचं.

म्हणून सांगतो, टाळ्या वाजवून काही होत नाही.
उडतंय ते म्हातारं झालेलं.
पुढचं घर मोरीच्या जाळीखाली आहे,
ओल्या फडक्याच्या घडीत आहे.
कांद्याची बुट्टी उपडी केली तर तळाला
एक कांदा पाणी होऊन बसलेला.
अंड्यापासून पंखापर्यंत दहा दिवस,
तेवढे दिवस आपण हलायचं नाही.

फणस गवळ्याच्या म्हशीला गेला.
रात्री मोरीत उकळतं पाणी, रोज.
ग्लासात काकवी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब,
वर कागदाचं नरसाळं.
कागद जुन्या पेपरचा, त्यावर
सीमाप्रश्नाची पुढची तारीख.
चिलटं तिच्यातून आत गेली,
बाहेर यायची वाट त्यांनाही सापडली नाही.

सकाळी ग्लास उजेडात धरून मी भिंग काढलं.
"आता काय मोजतासा?"
तेव्हा तिला सांगितलं, आजवर न सांगितलेलं.

निवृत्तीच्या वर्षी बाटल्या बंद झाल्या.
चिलटं कॉम्प्युटरवर आली;
तिथं ती मरत नाहीत, वासही मारत नाहीत.
मॅडम म्हणाल्या, परशराम, राहिलेली गरम पाण्यात घाला.
मी होय म्हटलं.
मग मागच्या खिडकीत गेलो
आणि एकेक बोळा काढला.

कमळाक्षीचा हात पिठात तसाच.
"म्हणजे ही तीच?"

ती कशी असतील? सहा वर्षं झाली.
दहा दिवसांची एक पिढी धरली
तर दोनशे एकोणीस.
"तरी सोयरीकच की," ती म्हणाली.
पिठाचे हात पदराला पुसून
तिनं भिंग मागितलं.

एकतीस वर्षांत तिनं हे पाहिलं नव्हतं.
एक डोळा मिटून, तोंड किंचित उघडं,
बराच वेळ ग्लासावर वाकून राहिली.
बाहेर गवळ्यानं दोनदा घंटी वाजवली.

"सगळे लालच की हो."
होय.
"पांढरा एकपण न्हाई?"
नाही.

"मग टाका आता.
आणि तो ग्लास वेगळा ठेवा,
न्हाईतर त्यातच चहा पिशीला."